‘नॅनो सिल्व्हर’ यूएफ फिल्टर : एका पावसाळ्यानंतरचं मत

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. चांदीचे नॅनोकण मिसळलेल्या मेम्ब्रेनचा (पाणी गाळणाऱ्या पडद्याचा), विजेशिवाय चालणारा यूएफ, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशनचा, फिल्टर घेण्यासारखा आहे. नदीचं, कमी क्षारांचं पाणी टाकीत साठवून वापरणाऱ्या घरांसाठी तर नक्कीच. साध्या मेम्ब्रेनपेक्षा तो जास्त दिवस नीट वाहतो, आणि हे मी दोन्ही एकाच टाकीच्या पाण्यावर चालवून, शेवटी दोन्ही कापून पाहून सांगतेय. मात्र ‘ही मेम्ब्रेन साफ करावीच लागत नाही’ असं दुकानदार म्हणाला, तर तेवढं वाक्य तिथेच सोडून या. मेम्ब्रेनवर चिकट थर बसायला चांदीमुळे उशीर होतो. थर बसायचा मात्र राहत नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. इथे जे लिहिलंय त्यातलं बहुतेक एका ब्रँडपुरतं नाही, या जातीच्या सगळ्या मेम्ब्रेनना लागू पडेल.

मी इचलकरंजीत राहते आणि कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पाण्याच्या बाबतीत आमचं गाव जरा जास्तच जागं असतं, त्याला कारण आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इथे काविळीची मोठी साथ आली होती, हेपेटायटिस ई ची. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. त्या दिवसांत ज्यांच्या घरात कोणी आजारी होतं, त्यांना आजही पिण्याच्या पाण्याबद्दल ‘चालतंय की’ म्हणणं जमत नाही. मलाही जमत नाही. शिवाय नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून प्रत्येक घराच्या गच्चीवर सिंटेक्सची टाकी असते आणि पाणी त्यात दोन-तीन दिवस राहतं. नळाच्या टोकाला पाण्यात क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर असावं, असं आपलं भारतीय मानक सांगतं. पण उन्हात तापलेल्या टाकीत ते टिकत नाही. म्हणजे पाणी फिल्टरपर्यंत पोचतं तेव्हा जंतूंना अडवणारं त्यात फारसं काही उरलेलं नसतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

आरओ का नको, हे थोडक्यात. आमच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. मानकात ५०० पर्यंत स्वीकारार्ह धरलाय. टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे घरगुती आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये सांगितलं होतं. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो, आणि पाण्याची वाट बघणाऱ्या गावात मला ते पटत नाही. विक्रेते दोन ग्लासांत विजेच्या कांड्या बुडवून दाखवतात ना, नळाचं पाणी तपकिरी होतं आणि आरओचं तसंच राहतं? तो रंग कांडीतल्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, म्हणून कांडी विरघळते. पाण्यातल्या घाणीशी त्याचा संबंध नाही.

आता फिल्टर. वर गढूळ पाण्याची टाकी, खाली शुद्ध पाण्याची, मधे कार्ट्रिज. कार्ट्रिजमध्ये आधी गाळ अडवणारी जाळी, मग कार्बन (सक्रिय कोळसा), मग शेवयांसारख्या बारीक पोकळ तंतूंची जुडी. हे तंतू म्हणजेच यूएफ मेम्ब्रेन. पॉलिइथरसल्फोन नावाच्या प्लॅस्टिकचे असतात आणि त्यांच्या भिंतींत ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची छिद्रं असतात. जंतू साधारण अर्ध्या मायक्रॉनपासून पुढचे, त्यामुळे ते बाहेरच अडतात. क्षार आरपार जातात, चव बदलत नाही. पंप नाही. वरच्या टाकीत पाणी फूटभर उंच असेल तर दाब किती? ०.०३ बार. आरओचा पंप पाच-सहा बारने ढकलतो. म्हणून आरओमध्ये मेम्ब्रेन घाण झाली तरी बरेच दिवस कळत नाही, पंप रेटत राहतो. इथे मात्र तंतूंवर जरासा थर बसला की तोटीची धार बारीक होते. गुरुत्वावरच्या फिल्टरची ही अडचण आहे आणि हाच त्याचा प्रामाणिकपणाही. तो काहीच लपवत नाही.

हा थर कशाचा, ते जरा सविस्तर सांगते, कारण चांदीची गरजच त्यातून निर्माण झाली. गाळ बसला तर उलट्या धारेने निघून जातो. जंतू तसे निघत नाहीत. मेम्ब्रेनला चिकटल्यावर काही तासांत ते आपल्याभोवती शर्करा आणि प्रथिनांचा चिकट गर सोडायला लागतात, त्यात विभागत जातात आणि वसाहत करतात. बरेच दिवस न घासलेल्या हंड्याच्या तळाला बोट लावलं की जो बुळबुळीतपणा लागतो, तो हाच. आम्ही त्याला बायोफिल्म म्हणतो, आणि मेम्ब्रेनवर ती साचून प्रवाह कोंडला की बायोफाउलिंग. आलेल्या जंतूंपैकी ९९.९९ टक्के मारले तरी उरलेले पुन्हा वाढतात, कारण खाऊ पाण्याबरोबर रोज येतच असतो. मेलेल्यांची कलेवरंही पुढच्यांच्या उपयोगी पडतात.

आणि कार्बन? तो क्लोरीन शोषून घेतो. चवीसाठी ते छान, पण कार्बनच्या पुढे मेम्ब्रेनवर जंतूंना मोकळं रान मिळतं. आरओची पॉलिअमाइड मेम्ब्रेन क्लोरीनने खराब होते, म्हणून तिथे कार्बन आधी लावण्यावाचून गत्यंतर नाही. यूएफच्या तंतूंना क्लोरीन बऱ्यापैकी सोसतं. तरीही बहुतेक जण कार्बन आधीच लावतात. मला विचाराल तर या उपकरणांच्या रचनेतला सगळ्यात विचार करण्यासारखा मुद्दा हा आहे, आणि खोक्यावर त्याबद्दल एक अक्षर नसतं.

अशा वेळी चांदी उपयोगी पडते. चांदीचे कण १ ते १०० नॅनोमीटरचे केले की त्याच वजनात कितीतरी पट जास्त पृष्ठभाग मिळतो. पाण्यातल्या ऑक्सिजनमुळे या कणांवरून चांदीचे आयन हळूहळू सुटतात. हे आयन जंतूंच्या प्रथिनांतल्या गंधकयुक्त गटांना जाऊन चिकटतात, त्यांची श्वसनाची साखळी तोडतात, पेशीचं आवरण ढिलं करतात. चिकटायला आलेला जंतू गर सोडण्याआधीच दुबळा होतो. यात एक अट दडलेली आहे, ती नीट समजून घ्या. कपाटातली डांबरगोळी जशी विरत जाते म्हणूनच काम करते, तशीच ही चांदी: विरघळते म्हणूनच मारते, आणि म्हणूनच संपते.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये हेच दाखवलं होतं. पॉलिसल्फोनच्या यूएफ मेम्ब्रेनमध्ये चांदीचे नॅनोकण मिसळल्यावर जंतू कमी चिकटले, विषाणूही जास्त अडले. पण थोडं पाणी गाळून झाल्यावर पृष्ठभागावरची चांदी धुऊन गेली आणि तो गुणही ओसरला. मी हे वाचूनच फिल्टर घ्यायला गेले, त्यामुळे दुकानात माझा पहिला प्रश्न होता: चांदी किती आहे आणि किती लिटरपर्यंत पुरते? उत्तर मिळालं, ‘मॅडम, लाइफटाइम.’

आपल्याकडे या प्रश्नाकडे गांभीर्याने बघणारे लोक आहेत, हेही सांगायला हवं. डिसेंबर २००९ मध्ये टाटा स्वच्छ हा फिल्टर बाजारात आला, त्यात भाताच्या तुसाच्या राखेवर नॅनो चांदी बसवलेली होती. ७४९ आणि ९९९ रुपये किंमत, वीज नको, आणि ३००० लिटर झाले की बल्ब, म्हणजे त्याचं कार्ट्रिज, बदलायचा. तुसाच्या राखेवरचं मूळ काम पुण्यातल्या टाटांच्या संशोधन केंद्रात झालेलं. त्यात आजच्या अर्थाने मेम्ब्रेन नव्हती, पण ‘एवढे लिटर झाले, आता बदला’ हे ग्राहकाला सरळ सांगितलेलं होतं. पुढे २०१३ मध्ये आयआयटी मद्रासच्या प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने असा पदार्थ दाखवला, की त्यातून चांदीचे आयन साधारण ४० पीपीबीच्या (अब्ज भागांत ४० भाग) आसपास एकसारखे सुटत राहतात. अवघड काम तेच आहे. सुरुवातीला भसकन सुटून मग कोरडं पडणं कुठल्याही कणाला जमतं.

तर आमच्या घरात असं केलं. खाली आम्ही, वर माझ्या जाऊबाई, गच्चीवरची टाकी एकच. एकाच कंपनीचं चांदीचं कार्ट्रिज आमच्याकडे लावलं आणि साधं त्यांच्याकडे. जून सुरू व्हायच्या आत दोन्ही नवीन. पावसाळा मुद्दाम धरला, कारण तेव्हा नदीला तांबडं पाणी येतं, गढूळपणा वाढतो आणि मेम्ब्रेनची खरी परीक्षा होते. एका भांड्याला खूण करून ठेवली आणि ते भरायला लागणारा वेळ दर रविवारी दोन्हीकडे लिहिला. जाऊबाईंनी हे काम माझ्यापेक्षा नेटाने केलं. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली फिल्टरचा हिशेब होता.

पहिले काही आठवडे फरक काहीच नव्हता. जुलैत मोठा पाऊस लागला आणि दोन्ही धारा एकदम बारीक झाल्या. तो गाळ होता. बॅकवॉश केल्यावर, म्हणजे उलट्या धारेने धुतल्यावर, दोन्ही पूर्ववत. खरा फरक गणपतीच्या सुमारास दिसला. पाणी निवळलेलं होतं, गाळाचं कारण नव्हतं, तरी वरच्या मजल्यावरचं भांडं भरायला सुरुवातीच्या जवळपास दुप्पट वेळ लागायला लागला आणि बॅकवॉश करूनही धार पहिल्यासारखी येईना. आमच्याकडचा फिल्टर सावकाश झाला होता, पण बॅकवॉशनंतर सुधारत होता. गर घट्ट बसला की तो पाण्याने निघत नाही. चांदीने तो घट्ट बसू दिला नव्हता. माझ्या दृष्टीने या कार्ट्रिजचे पैसे तिथेच वसूल झाले.

दिवाळीच्या सुट्टीआधी दोन्ही कार्ट्रिजं काढली, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली आणि हॅक्सॉ ब्लेडने उभी चिरली. माझ्या विद्यार्थिनींना प्रकल्प मिळाला आणि मला माझं उत्तर. साध्या कार्ट्रिजचे तंतू एकमेकांना चिकटून त्यांची जुडी झाली होती. चिमट्याने सोडवताना तार सुटत होती. ओल्या मातीचा जुनाट वास. चांदीच्या कार्ट्रिजचे तंतू मुळातच फिकट पिवळसर असतात, चांदीचे नॅनोकण असे दिसतात, ती घाण समजू नका. त्यांच्यावर तपकिरी धूळ होती, पण तंतू सुटे होते. दोन्हींचे तुकडे क्रिस्टल व्हायोलेटमध्ये बुडवून धुतले. हा रंग बायोफिल्म धरून ठेवते. साधा तुकडा गडद जांभळा राहिला, चांदीचा फिकट. खरवडून प्लेटवर पसरलं तर चांदीच्या बाजूने वसाहती बऱ्याच कमी आल्या, पण आल्या. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडे मुख्यतः ग्रॅम-निगेटिव्ह प्रकारचे, दांडक्याच्या आकाराचे जंतू.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट मात्र जुडीच्या बंद टोकाला सापडली. तिथे पाणी फिरत नाही, साचून राहतं. त्या टोकाला दोन्ही कार्ट्रिजमध्ये गर सारखाच होता. चांदी असून नसल्यासारखी. कारण उघड आहे: एकदा धूळ आणि मेलेल्या पेशींचा पातळ थर चांदीवर बसला, की वरच्या थरातल्या जंतूंपर्यंत आयन पोचतच नाहीत. चांदीला काम करू द्यायचं असेल, तर तिच्यावरचा पहिला थर वेळच्या वेळी धुऊन काढायला हवा. म्हणजे बॅकवॉश आणि चांदी एकमेकींच्या मदतीने चालतात. ‘चांदी आहे म्हणून धुवायला नको’ हे तर्कालाच धरून नाही.

पिण्याच्या बाजूचं पाणीही तपासलं. ग्रामपंचायती वापरतात त्या एच-टू-एसच्या बाटल्या दोन्हीकडे काळ्या पडल्या नाहीत. विष्ठेतले जंतू दोन्ही मेम्ब्रेनांनी नीट अडवले, हे चांगलं. एकूण जंतूंची संख्या मात्र जाऊबाईंच्या खालच्या टाकीत जास्त निघाली. ते मेम्ब्रेनमधून आलेले नसतात, तोटीतून आणि झाकणातून शिरून टाकीत वाढतात. म्हणून खालची टाकी आणि तोटी दर आठवड्याला घासा, फिल्टर कुठलाही असो.

काविळीबद्दल वेगळं लिहिते, कारण इथे ते विचारलं जातंच. हेपेटायटिस ई चा विषाणू २७ ते ३४ नॅनोमीटरचा असतो. खोक्यावर ०.०१ मायक्रॉन, म्हणजे १० नॅनोमीटर, लिहिलेलं असतं. हिशेबाने विषाणू अडायला हवा. पण सगळी छिद्रं एका मापाची नसतात आणि जुडीतला एक तंतू तुटला तरी पुरे. चांदीच्या भरवशावर विषाणू सोडून देता येत नाही. गावात काविळीची कुजबुज सुरू झाली, की फिल्टरचं पाणीसुद्धा खळखळून उकळून प्यायचं. आमच्या घरात हा नियम आहे.

चांदी पोटात जाते का? थोडी जातेच, ती विरघळल्याशिवाय काम करत नाही हे वर आलंय. पिण्याच्या पाण्यात चांदीची मर्यादा आपल्या आयएस १०५०० मानकात ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. फार जास्त चांदी वर्षानुवर्षं शरीरात गेली तर त्वचा निळसर-राखाडी होते. मी नवीन कार्ट्रिजचं पहिलं पाणी आणि काही दिवसांनंतरचं पाणी खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतलं. दोन्ही मर्यादेच्या आत, पण पहिल्यात चांदी स्पष्टपणे जास्त. म्हणून वरची टाकी निदान दोनदा पूर्ण गाळून ते पाणी झाडांना किंवा फरशीला वापरा, मग प्या.

कंपनीबद्दल माझी तक्रार खोक्याशी आहे. चांदी किती, तपासणी कुठल्या पाण्यावर केली, किती लिटरनंतर चांदी निकामी धरायची, यातलं काही छापलेलं नाही. ग्राहक सेवेला फोन केला, ईमेल केली, प्रत्येक वेळी जाहिरातीतली वाक्यंच परत मिळाली. दुसऱ्या एका मॉडेलवर ‘टायटॅनियम नॅनो तंत्रज्ञान’ लिहिलेलं होतं. टायटॅनियम डायऑक्साइडचे कण जंतू मारतात ते अतिनील प्रकाश पडला तर, आणि बंद कार्ट्रिजमध्ये अंधार असतो. मेम्ब्रेनला पाण्याची ओढ वाढवायला ते उपयोगी असतात, आणि तेवढं खरं लिहिलं असतं तरी मी आनंदाने वाचलं असतं. लोक घरातल्या बाळाला हे पाणी पाजतात. त्यांना आकडे मिळालेच पाहिजेत.

बॅकवॉशची सोय मात्र फार चांगली केली आहे. सोबत हातपंपासारखी नळी येते, स्वच्छ पाणी खालून वर ढकलायचं, दहा मिनिटांचं काम. पावसाळ्यात दर आठवड्याला, एरवी पंधरवड्याने. बॅकवॉशला फिल्टरचंच पाणी वापरा. त्यात ब्लीचिंग किंवा टीसीएल घालू नका, लिंबूसत्वही नको. क्लोरीन आणि आम्ल दोन्ही चांदी लवकर संपवतात. बाहेरगावी जाताना कार्ट्रिज सुकू देऊ नका, ओलंच ठेवा, आणि आल्यावर पहिली टाकी ओतून द्या, कारण साचलेल्या पाण्यातच गर वाढतो. तंतू एकदा वापरल्यावर कडक सुकले तर छिद्रं आवळतात, तेव्हा लांबच्या प्रवासाला जाणार असाल तर परतल्यावर नवीन कार्ट्रिज लावण्याची तयारी ठेवा.

चांदीचं कार्ट्रिज साध्यापेक्षा साधारण दीडपट महाग पडतं. आमच्या पाण्यावर ते तेवढ्या फरकापेक्षा जास्त टिकलं, शिवाय धारेचा वैताग कमी. जाऊबाईंनीही आता तेच लावलंय, आणि कॅलेंडरवरचा हिशेब चालू आहे.

माझ्या सासरच्या गावी, शेतातल्या घरी, बोअरचं पाणी आहे, जड आणि खारट. तिथे मी चांदीचं घेतलं नाही. पाण्यात क्लोराइड जास्त असलं की चांदीचे आयन त्याच्याशी जोडी जमवून निष्क्रिय होतात, मग जास्तीचे पैसे कशाला? तिथे टाकीत मापाने मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण), अर्ध्या तासाने साधं यूएफ कार्ट्रिज, आणि कार्बन मेम्ब्रेनच्या नंतर. ही उलटी रचना गावातल्या प्लंबरकडून करून घेतली. पाण्याला किंचित क्लोरीनचा वास येतो, सासूबाई कुरकुरतात, पण त्या तंतूंवर अजून गर धरलेला नाही.